पुनरुक्ती आणि अनुरणन

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला भारतीय साहित्यशास्त्राचा पेपर मी गेली एकोणीस वर्षे शिकवत आलो आहे. ध्वनिसिद्धान्ताचा घटक साधारणपणे दिवाळीच्या सुट्टीआधी येतो. वाच्यार्थ कळल्यानंतर क्रमाने, पण त्याच्याच पोटातून उमटणारा जो व्यंग्यार्थ, त्याला ध्वनिवाद्यांनी घंटेच्या अनुरणनाची उपमा दिली आहे. टोला पडतो, संपतो, आणि नाद मागे रेंगाळत राहतो. एवढे सांगून झाले की मी क्षणभर थांबतो, खिडकीबाहेर पाहतो आणि म्हणतो, "कविता टोल्यात नसते, मागे उरलेल्या नादात असते." वर्गाला हे वाक्य आवडते. खरे सांगायचे तर मलाही आवडते.

२०२२ मध्ये हा तास संपल्यावर एक विद्यार्थी टेबलाजवळ आला. आदल्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले होते. अशा मुलांना आमच्याकडे 'रिपीटर' म्हणतात. त्याने तासाला बसलेच पाहिजे असे नव्हते, तरी तो बसत असे. हातात वही होती. म्हणाला, "सर, मागच्या वर्षीची वही उघडून बसलो होतो. एक शब्दही नवा लिहावा लागला नाही. हे बघा, 'इथे सर खिडकीकडे बघतात' असंसुद्धा मी कंसात लिहून ठेवलंय."

त्याच्या बोलण्यात खोडसाळपणा अजिबात नव्हता. त्याला ते माझ्या व्यवस्थितपणाचे लक्षण वाटत होते आणि वही नव्याने करावी लागली नाही याचा आनंदही होता. मी हसलो, "छान" म्हणालो आणि स्टाफरूममध्ये येऊन बसलो. चहा निवून गेला. परीक्षेपुरता तो रिपीटर होता, तासापुरता मी.

हा लेख खरे तर इलेक्ट्रिक गिटार आणि तिच्याबरोबर येणाऱ्या काही लहान डब्यांविषयी आहे. परंतु त्या डब्यांकडे मी वळलो तो ही वही मनात घेऊन, म्हणून आरंभ तिच्यापासून केला.

*

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकता शिकता गिटार वाजवायला शिकला. २०२३ च्या मे महिन्यात तो नोकरीसाठी जर्मनीला गेला, तेव्हा आपली इलेक्ट्रिक गिटार, एक छोटा अॅम्प्लिफायर आणि पायाने दाबायचे तीन पेडल माझ्याकडे ठेवून गेला. "मामा, नुसतं पडून राहण्यापेक्षा तू वाजव. तुला पेटी येते ना, तेवढं पुरे." पेटी मला भजनापुरती येते. जाताना त्याने एक सोय करून दिली. गिटारची सर्वांत जाड तार त्याने एक स्वर खाली उतरवली. त्यामुळे जाड बाजूच्या तीन तारा सा, प, सा अशा लागल्या. त्या मोकळ्या छेडल्या तरी चुकायला फारशी जागा उरली नाही.

तीन पेडलांपैकी पहिला रिव्हर्बचा. आठ बाय दहाच्या खोलीत छेडलेला स्वर त्यातून गेला की मोठ्या देवळाच्या सभामंडपात छेडल्यासारखा ऐकू येतो. मी मनातल्या मनात त्याचे नाव 'अनुरणन' ठेवले. दुसरा डिलेचा. आपण वाजवलेले तो थोड्या वेळाने परत ऐकवतो, मग पुन्हा ऐकवतो, दर वेळी जरा मंद करत. तिसरा लूपर. एकदा दाबला की तो ध्वनिमुद्रण सुरू करतो. पुन्हा दाबला की झालेले मुद्रण अखंड फिरवू लागतो. फिरणाऱ्या आवाजावर आपण आणखी वाजवायचे, तेही त्यात मिसळते. एकटा माणूस अशा रीतीने थरावर थर चढवत जातो.

तारेचा स्वभाव घंटेसारखाच असतो: आधी आघात, मग क्षय. परंतु इलेक्ट्रिक गिटारवर आवाज कमीजास्त करण्याचे बटण करंगळी पोहोचेल इतके जवळ असते. ते बंद ठेवून तार छेडायची आणि छेडून झाल्यावर हळूच उघडायचे. टोला ऐकूच येत नाही. नाद तेवढा कुठूनसा उगवतो, जणू कोणी तारेवर गज फिरवत आहे. हे पहिल्यांदा जमले त्या संध्याकाळी अंगावर काटा आला. वाच्यार्थ गाळून थेट व्यंग्यार्थ हाती लागावा तसे वाटले. साहित्यशास्त्रात हे घडत नाही. विजेच्या तारेने ते घडवले.

लूपरने मात्र आधी मानहानी केली. फेरी जिथे संपते आणि पुन्हा सुरू होते, त्या सांध्यावर पाय उशिरा पडला तर पोकळी राहते, लवकर पडला तर स्वर कापला जातो. एरवी वाजवताना झालेली चूक वाहून जाते. इथे ती दर आठ सेकंदांनी समोर येऊन उभी राहते. काही दिवसांनी युक्ती कळली. सुरुवात टोल्याने करायची नाही, आधीच फुलत असलेल्या स्वराच्या मध्यावर पाय द्यायचा. रिव्हर्ब लूपरच्या नंतर जोडायचा, म्हणजे त्याची शेपटी सांध्यावर पसरते आणि फट बुजते.

मग थरांचा मोह सुरू झाला. पहिल्या थराला खर्ज, दुसऱ्याला पंचम, तिसऱ्याला वरचा एखादा स्वर. तिसऱ्या थरापर्यंत खोलीत पहाटेची दरी उभी राहायची. सातव्या थराला धुके दाटायचे आणि दहाव्याला चिखल व्हायचा. कोणताही स्वर चुकीचा नव्हता. तरी सगळे मिळून ऐकवत नव्हते. शिवाय तो चिखल थकत नव्हता. डिजिटल यंत्र जे फिरवते ते जसेच्या तसे फिरवते. पहिल्या फेरीत आणि शंभराव्या फेरीत त्याच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. फरक असतो तो ऐकणाऱ्यात, आणि तोही फार काळ नाही.

फोनवर भाच्याला सांगितले, तर तो म्हणाला, "मामा, तू काहीच पुसत नाहीस, म्हणून काला होतो. लूपर बाजूला ठेव. डिलेचा वेळ सगळ्यात लांब कर आणि फीडबॅकचं बटण पूर्ण फिरवू नकोस, थोडं अलीकडे थांब. जुनं जाऊ दे जरा."

*

फीडबॅकचे बटण म्हणजे परत आलेल्या आवाजाचा किती अंश पुन्हा आत सोडायचा, ते ठरवणारे बटण. शून्यावर ठेवले तर एकदाच प्रतिध्वनी येतो आणि सारे संपते. पूर्ण फिरवले तर काहीच विरत नाही. काही पेडलांत त्याहून पुढे गेले तर आवाज स्वतःवरच पोसला जाऊन वाढत जातो आणि शेवटी किंचाळतो. या दोन टोकांच्या मध्ये एक प्रदेश आहे. समजा, दर फेरीला नऊ दशांश आवाज उरतो आहे. सात फेऱ्यांनंतर मूळ स्वर निम्म्याहून कमी होतो. तो ऐकू येतो, पण मागे सरकलेला असतो. पुढे नव्या स्वराला जागा होते, आणि नवा स्वर त्या मावळत्या स्वराला अनुसरून निवडावा लागतो. मी पहिल्यांदा या बटणाशी नीट खेळलो त्या रात्री दोन तास कसे गेले कळले नाही. लूपरवर मी एक वस्तू रचत होतो. इथे मला सतत ऐकावे लागत होते, कारण जे होते ते जात होते.

या तंत्राचा इतिहास वाचला तेव्हा लक्षात आले की ज्यांनी ते आधी वापरले, त्यांना हे विरणे मुद्दाम मिळवावे लागले नाही. त्यांच्या यंत्रांतच ते होते. अमेरिकन संगीतकार टेरी रायली १९६३ मध्ये पॅरिसमध्ये 'द गिफ्ट' या नाटकाच्या संगीतावर काम करत होता. ट्रम्पेटवादक चेट बेकर आणि त्याच्या साथीदारांचे वादन त्याने मुद्रित केले होते. त्याला हव्या असलेल्या प्रतिध्वनीचे वर्णन ऐकून तिथल्या एका फ्रेंच तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवले आणि एकाच टेपची फीत दोन्हींतून ओवली. पहिले यंत्र मुद्रण करते, फीत सरकत दुसऱ्याकडे जाते, दुसरे यंत्र ते वाजवते, आणि वाजलेला आवाज तारेने पुन्हा पहिल्याकडे येऊन नव्या आवाजात मिसळतो. आवाज किती वेळाने परतेल, हे दोन यंत्रांतील अंतरावर ठरते. फितीचा वेग सेकंदाला साडेसात इंच आणि अंतर तीन फूट असेल, तर ४.८ सेकंद. काळ इथे फूटपट्टीने मोजता येतो.

जवळजवळ हीच मांडणी घेऊन ब्रायन ईनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप ८ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनमध्ये ईनोच्या घरी बसले. फ्रिपने गिटार वाजवायची, ईनोने फितीवरून परतणारा आवाज राखायचा. त्या भेटीतून सुमारे एकवीस मिनिटांची रचना झाली. १९७३ मध्ये 'नो पुसीफूटिंग' या तबकडीची एक बाजू तिने व्यापली. ती ऐकताना फितीचा गुणधर्म स्पष्ट जाणवतो. दर फेरीत आवाजातील तीक्ष्णपणा थोडा झिजतो, थोडी खरखर मिसळते. जुने वाक्य नुसते हळू होत नाही, ते काळवंडत, दूर जात राहते. पुढे फ्रिपने ही मांडणी घेऊन एकट्याने कार्यक्रम केले. १९७९ मधील त्याच्या दौऱ्यातले कित्येक कार्यक्रम तबकड्यांच्या दुकानांत आणि छोट्या उपाहारगृहांत झाले.

विरण्याचे टोक मात्र विल्यम बसिन्स्की या न्यूयॉर्कच्या संगीतकाराने गाठले, तेही अपघाताने. १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या आपल्या जुन्या फितींची वेटोळी तो २००१ मध्ये डिजिटल स्वरूपात उतरवून घेत होता. फीत फिरता फिरता तिच्यावरचा लोहाच्या ऑक्साइडचा थर सुटू लागला. प्रत्येक फेरीला आवाजाचा एक कण गळून पडत होता. त्याने यंत्र थांबवले नाही. 'द डिसइंटिग्रेशन लूप्स' मधील पहिल्या रचनेत काही सेकंदांचा एक सुरावटीचा तुकडा तासाभराहून अधिक काळ फिरतो आणि फिरता फिरताच झडून जातो. ११ सप्टेंबर २००१ च्या संध्याकाळी ब्रुकलिनमधील आपल्या गच्चीवरून त्याने शहरावरील धुराचे चित्रण केले आणि पुढे ते या संगीताला जोडले. ही रचना मी एकदाच पूर्ण ऐकली. पुन्हा ऐकण्याचे धैर्य झाले नाही. माझ्या टिपणवहीची पानेही पिवळी पडली होती, पण त्यांच्यावरची अक्षरे जागच्या जागी होती. त्या वहीतून गळून पडले असेल ते दुसरेच काही.

*

आपल्या कानांना या संगीतात पहिली अडचण येते ती समेची. आवर्तन म्हटले की आपण सम शोधतो. फेरी कुठेतरी येऊन पोहोचते, दाद दिली जाते, मग पुढची निघते. या संगीतात पोहोचणे नसते. ईनोच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) मधील एका रचनेत गायलेल्या एकेका स्वराच्या फिती वेगवेगळ्या लांबीच्या आहेत. एक साडेतेवीस सेकंदांची, दुसरी सव्वीसला थोडी कमी, तिसरी तीसला किंचित कमी. प्रत्येक फीत स्वतःपुरती निव्वळ पुनरुक्ती करते. परंतु लांबी जुळत नसल्यामुळे त्यांची एकमेकींशी होणारी भेट दर वेळी निराळी होते. कोणी काही नवे म्हणत नाही, आणि तरी ऐकू येणारे नवे असते. माझ्यासारख्या, दरवर्षी तेच टिपण घेऊन नव्या मुलांसमोर उभे राहणाऱ्या माणसाला यात आशेला जागा दिसली, हे कबूल करतो.

सम नसलेले एक आवर्तन आपल्याकडेही आहेच. तानपुरा तालाशी बांधलेला नसतो. चार तारा ठरल्या क्रमाने छेडल्या जातात, सूत सारून जवारी लावलेली असली की प्रत्येक तारेतून स्वरांचा झोत निघतो, आणि काही वेळाने बोट कधी तारेला लागले हे ऐकू येईनासे होते. टोले विरघळतात, नाद राहतो. त्या नादाकडे कोणी लक्ष देत नाही आणि त्याच्याशिवाय कोणी गातही नाही. ईनोने या प्रकारच्या संगीताची अपेक्षा सांगितली ती साधारण अशीच: लक्ष दिले तर भरपूर सापडावे, न दिले तर त्याने हट्ट धरू नये. त्याला हे सुचले अंथरुणात. १९७५ च्या जानेवारीत अपघातानंतर तो पडून होता. मैत्रिणीने आणलेली वीणेसारख्या हार्प वाद्याची तबकडी फारच हळू वाजत होती, उठून आवाज वाढवणे शक्य नव्हते, आणि ते स्वर पावसाच्या आवाजातून अधूनमधून वर येत होते.

तानपुऱ्याचे नाव मी ओढूनताणून घेतलेले नाही. पॅरिसमध्ये दोन यंत्रांतून फीत ओवून घेणारा टेरी रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला आणि १९९६ मध्ये ते जाईपर्यंत शिष्यच राहिला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. एकेका स्वरावर थांबून राहणे ही त्यांच्या गाण्याची ओळख होती. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये ते गेले, आणि तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. मिरजेतले तानपुरे देशभर जातात. टेपरेकॉर्डरच्या फितीत अनुरणन शोधणारा माणूस त्यानंतर सव्वीस वर्षे कोणाच्या पायाशी बसला, हे कळल्यावर माझ्या खोलीतील सा-प-सा लावलेल्या गिटारकडे मी जरा आदराने पाहू लागलो.

*

इथे एक आक्षेप स्वतःच घेतला पाहिजे. हे संगीत फार सोपे आहे. दोन पेडल आणि तीन मोकळ्या तारा असल्या की कोणीही दहा मिनिटांत गूढ वाटणारे काहीतरी उभे करू शकतो. झोप यावी म्हणून, ध्यान लागावे म्हणून, नुसते शांत वाटावे म्हणून अशा ध्वनींच्या राशी आज इंटरनेटवर पडल्या आहेत. त्यांतील बहुतेक ऐकून संपल्यावर काहीच मागे उरत नाही. रिव्हर्ब भरपूर असतो, अनुरणन नसते. मराठीच्या अध्यापकाला हा धोका परिचित आहे. मुक्तछंद सोपा झाल्यावर कवितेचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. संध्याकाळ, धुके, एकाकी झाड असे शब्द योग्य प्रमाणात मिसळले की कवितेसारखे काहीतरी तयार होते. त्यातील प्रत्येक शब्द सुरात असतो. माझ्या दहाव्या थरासारखा.

मग बरे आणि वाईट ओळखायचे कसे? माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. करणाऱ्याने आपलेच परत आलेले ऐकले होते की नाही, हे पाहायचे. फ्रिपच्या त्या वादनात प्रत्येक नवे वाक्य परतलेल्या वाक्याला दिलेले उत्तर असते, कधी होकार, कधी विरोध. जिथे वाजवणारा परतलेल्या आवाजाकडे पाठ करून वाजवत राहतो, तिथे थर वाढतात आणि काही घडत नाही.

ही कसोटी ठरवल्यावर ती स्वतःच्या तासाला लावणे टाळता येईना. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात दोषांची जी यादी दिली आहे, तीत पुनरुक्ती आहे. तेच पद पुन्हा वापरणे हा दोष, तोच अर्थ पुन्हा सांगणे हाही दोष. मी हे दरवर्षी शिकवतो. पण तेच पद पुन्हा येणे हा कधी गुणही ठरतो, असेही मम्मट सांगतो, आणि त्यासाठी जी स्थळे दाखवतो त्यांत अर्थान्तरसंक्रमितवाच्य हे एक आहे. शब्द तोच, पण दुसऱ्यांदा येताना त्याचा अर्थ दुसऱ्या अर्थात सरकलेला असतो. आपण रोज म्हणतो, "पोर ते पोरच." पहिले पोर म्हणजे मूल. दुसऱ्या पोरात त्याचा अल्लडपणा, आपली कुरकुर आणि आपली माया, सारे आले. हा अपवाद मी इतकी वर्षे दोन ओळींत उरकत असे, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही.

मग मी माझ्या घंटेकडे पाहिले. घंटा हा शब्द एकोणीस वर्षे मी त्याच जागी उच्चारत होतो. परत काय येत होते, हे कधी ऐकले नव्हते. आमच्या कॉलेजात घंटा उरलेलीच नाही. पितळेची जाड तबकडी होती, ती बरीच वर्षे अडगळीत आहे. तिच्या जागी विजेचा बझर आहे. तो कर्कश सुरू होतो आणि कापल्यासारखा बंद होतो. त्याला शेपटी नाही. "घंटा झाली" असे आम्ही सगळे म्हणतो ते त्याला उद्देशून. देवळातली घंटा मुलांनी ऐकलेली असते, पण तिचा नाद विरेपर्यंत तिथे कोण थांबते? मागचा माणूस लगेच दुसरा टोला देतो. आणि मुलांच्या आपापसांतील बोलण्यात 'घंटा' या शब्दाला आता कोणता अर्थ आला आहे, ते एका तरुण सहकाऱ्याने संकोचत मला सांगितले, तेव्हा अनेक वर्षांतल्या काही दबलेल्या हसण्यांचा एकदम उलगडा झाला. अर्थ दुसऱ्या अर्थात संक्रमित झाला होता. मी तेवढा खिडकीबाहेर पाहत होतो.

*

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ध्वनीचा तास आला, तेव्हा मी शिपाईमामांना अडगळीतून ती पितळी तबकडी काढायला सांगितली. त्यांनी ती चिंचेने घासून आणली. ही सूचना माझी नव्हती. वर्गात दोन मुलांनी ती दोरीने धरून ठेवली. पंखे बंद केले, दार लावले. मुलांना म्हटले, "डोळे मिटा. मी एकच टोला देईन. नाद संपला असं ज्याला जेव्हा वाटेल, त्यानं तेव्हा हात वर करावा."

टोला दिला. थोड्या वेळाने मागच्या बाकावर पहिला हात वर झाला. मग दोन-तीन, मग एकदम सात-आठ. माझ्या मते नाद संपला तेव्हा निम्मा वर्ग हात खाली ठेवून बसला होता. मी थांबलो. रस्त्यावरून रिक्षा गेली. हात एकेक करून वर येत राहिले. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उरली. तिने हात वर केलाच नाही. डोळे उघडायला सांगितल्यावर म्हणाली, "सर, मला वाटलं अजून येतोय."

त्यावर वर्गात जो वाद झाला तो मला आवरावा लागला नाही. तू खोटे बोलतेस, असे एकाने म्हटले. नाद संपला तरी कानात राहतो, असे दुसऱ्याने. मग नाद तबकडीत असतो की कानात, असा प्रश्न तिसऱ्याने विचारला. सहृदय ही संज्ञा मी पुढच्या तासाला शिकवणार होतो. ती त्यांनी त्या दिवशी आपली आपणच मागून घेतली. खिडकीबाहेर पाहून म्हणायचे ते वाक्य म्हणायचे राहून गेले.

तो रिपीटर विद्यार्थी त्याआधीच उत्तीर्ण होऊन गेला होता. त्याची वही झेरॉक्सच्या रूपाने पुढच्या वर्गांत फिरते, हे मला ठाऊक आहे. त्याला हे सांगायला हवे होते असे अधूनमधून वाटते. त्याने माझे मलाच परत ऐकवले होते. यंत्राने तेवढेच केले, पण त्याच्यानंतर.

टिपणवही मी टाकून दिली नाही. टाकून दिलेल्या टिपणांतून चांगला अध्यापक घडतो, यावर माझा विश्वास नाही. आनंदवर्धन दरवर्षी तोच असणार, मम्मटाचा सातवा उल्लासही. परंतु दरवर्षी सुट्टीत बसून मी वहीतील थोडा भाग खोडतो. फार नाही. साधारण दहातला एक. जे राहते त्याच्यापुढे काही मोकळी जागा सोडतो.

तबकडीचा तास आतापर्यंत तीनदा झाला आहे. म्हणजे आता कोणाच्या तरी वहीत 'इथे सर पंखे बंद करायला सांगतात' असे कंसात लिहिलेले असणार. दुसऱ्या वर्षी सगळे हात लवकर वर आले. तिसऱ्या वर्षी दोघांमध्ये जवळजवळ भांडण झाले. पुढच्या वर्षी काय होईल, ते टिपणात लिहिता येत नाही.

रात्री जेवणे झाली की मी कधी कधी गिटार घेऊन बसतो. वादनात म्हणावी अशी प्रगती नाही. त्याच तीन तारा, तोच षड्ज, तोच पंचम. बटण पूर्ण फिरवायचे नाही, एवढे मात्र हाताला आता सवयीने कळते. एक स्वर सोडतो, तो फिरून येतो, थोडा दूर गेलेला असतो. दुसरा सोडायच्या आधी मी त्याला जाताना ऐकतो.